शेवटचं नीट कधी बोलले?

"रक्तस्राव नाही. गुठळी अडकलीय. स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, "हे शेवटचं नीट कधी बोलले?"

सांगलीतल्या एका दवाखान्यात, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर आम्ही तिघं उभे होतो. मी, माझी वहिनी आणि पुतणी प्राची. आत मशीनवर माझा थोरला भाऊ होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. वय बावन्न. मिलिट्रीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन पलूसजवळच्या आमच्या गावी द्राक्षबाग बघत होता.

सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचा आतला फोटो. स्ट्रोक म्हणजे मेंदूला रक्त नेणारी नळी बंद पडणं किंवा फुटणं. आपल्याकडं त्याला नुसतं लकवा म्हणतात. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की डॉक्टर माझ्या तोंडाकडं बघतायत, त्यांच्या हातात पेन आहे आणि मला उत्तर देता येत नाही.

उत्तर का देता येत नव्हतं, ते सांगण्यासाठी हे लिहितोय. मी सातवीत शाळा सोडली. मामांच्या मागं तमिळनाडूत गेलो, गलाईच्या कामाला. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, ते गलाईचं काम. आमच्या भागातली लय माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. सव्वीस वर्षं झाली, मी तिकडंच आहे. लिहायची सवय नाही. पण दवाखान्यात बसलो असताना मला कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं असं फार वाटलं, म्हणून.

आमच्या घरात एक खेळ आहे. शेवटच्या अक्षराचा. एकानं शब्द म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं. हा खेळ सगळ्यांच्याच घरी असेल. पण आमच्या घरचा नियम वेगळा होता, आणि तो माझ्यामुळं झाला होता.

गलाईला गेल्यावर पहिल्यांदा गावी आलो तेव्हा चुलतभावंडं खेळत बसली होती. ती सगळी शाळेत जाणारी. माझ्यावर डाव आला की मी अडायचो. जो शब्द सुचायचा तो भट्टीवरचा नाही तर तमिळ. "मूस" म्हटलं तर एकानं विचारलं, "उंदीर व्हय रं?" मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. पण सगळे हसले आणि मी उठून गोठ्यात गेलो. दादा तेव्हा भरती होऊन सुट्टीवर आला होता. तो मागनं आला, माझ्या बखोटीला धरून मला परत आणून बसवलं आणि म्हणाला, "आजपासनं ज्येला जो शब्द म्हाईत, तो चालंल. पुस्तकातलाच पायजे असं कुठं लिवलंय? फक्त म्हंजे काय ते सांगायचं."

तेव्हापासून आमच्या घरात तण्णी चालायचं, कारण तण्णी म्हणजे तमिळमध्ये पाणी. दादाचे मिलिट्रीतले शब्द चालायचे. आईचे तिच्या माहेरचे कानडी शब्द चालायचे. आणि कुणाला अर्थ सांगता आला नाही तर दुसऱ्यानं सांगायचा, खोटा असला तरी. मी अडलो की दादा माझ्या शब्दाला अर्थ शोधून द्यायचा. एकदा मी काहीतरी बरळलो तर म्हणाला, "बराबर हाय. कारगिलला बर्फ पडतं न्हवं, त्येच्यावरच्या सायीला तसं म्हणत्यात." आई म्हणायची, "चालतंय की." आईनं चालतंय म्हटलं की विषय संपला. फक्त प्राची भांडायची. ती साताऱ्यात फार्मसी शिकते. तिच्या मते आमच्या घरात खेळ होतच नाही, नुसता गोंधळ होतो.

त्या दिवशी रविवार होता. मी यात्रेसाठी गावी आलेलो, प्राचीही आलेली. बागेतला बेदाणा शेडवरून घरी आणला होता. आम्ही पाचजण घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्यातल्या काड्या निवडत होतो. हात चालू असले की तोंडाला खेळ लागतो. आदल्या दिवशी दादा हरला होता, त्यामुळं आज तो जिंकायला बसलाय अशी सगळ्यांची समजूत.

वहिनी "वरवंटा" म्हणाली. ट आला दादावर. दादा थोडा थांबला आणि म्हणाला, "टरफुंदी."

"म्हणजे काय?" प्राचीनं विचारलं.

दादानं तोंड उघडलं. बोलला नाही. हातातली काडी खाली ठेवली आणि हवेत हात फिरवला.

मी म्हणालो, "मिलिट्रीतला शब्द हाय. टरफुंदी म्हंजे थंडीत कानावर ओढायची टोपी. व्हय का न्हाई, दादा?"

सगळे हसले. मीच सगळ्यात जास्त. दादानं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांनी त्याची परतफेड केली असं मला वाटलं, आणि तो तेच म्हणतोय डोळ्यांनी, असंही वाटलं. तो घाबरला होता. ते मला आता कळतं.

पुढच्या फेरीत त्याच्यावर म आला. तो परत म्हणाला, "टरफुंद."

"पप्पा, म वरनं," प्राची म्हणाली.

"म... टरफु..." आणि तो स्वतःच हसल्यासारखा झाला. एका बाजूनं.

"आजी, हे नाही हं चालणार. अक्षरपण वेगळंय."

"चालतंय की," आई म्हणाली. "थोरला हाय त्यो. तू निवड गप."

तेवढ्यात साखर कारखान्याचा बाराचा भोंगा झाला आणि आम्ही हात झाडून उठलो.

जेवताना आमटी त्याच्या ओठाच्या कडेनं खाली आली. वहिनीनं टॉवेल दिला. तो गप्प होता. उन्हाचं झालं असेल म्हणून आईनं त्याला ताक दिलं. परत आम्ही निवडायला बसलो. मी दोनदा म्हणालो, "दादा, हारलास म्हणून रुसलाय काय?" तीन वाजता त्याच्या उजव्या हातातलं सूप पडलं. बेदाणा सगळा जमिनीवर. तो उचलायला वाकला आणि तसाच कलंडला.

शेजाऱ्यांची गाडी होती म्हणून सव्वाचारला सांगलीत पोचलो. त्या शेजाऱ्यांचे उपकार फिटणार नाहीत. वाटेत एकदाही त्यांनी काय झालं ते विचारलं नाही, फक्त गाडी हाणली.

म्हणजे आता डॉक्टरांनी काय विचारलं ते ध्यानात येईल. ते म्हणाले, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं. थ्रॉम्बोलिसिस. पण लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, माणूस जाऊ शकतो. म्हणून मला वेळ नीट हवी आहे. शेवटचं नीट कधी बोलले?"

"तीनला," वहिनी म्हणाली. "तीनला हात पडला साहेब. तोवर बरं हुतं."

डॉक्टरांनी घड्याळात बघितलं. पावणेपाच झाले होते. ते आत वळले.

मी म्हणालो, "सायेब, बोलणं आधी बिघडलं."

वहिनीनं माझा शर्ट मागनं धरला. "भावजी. तीनला हात पडला."

"आधी म्हणजे कधी?"

"भोंग्याच्या आधी. साडेअकरा असतील."

"नक्की? काय बोलत होते?"

ते मला सांगता येईना. सगळे शब्द चालायचे आमच्यात, असं मी सांगायला लागलो. आम्ही खेळत होतो. ते डॉक्टर तरुण होते, माझ्या पोराच्या वयाचे नसतील पण धाकट्या भावाच्या. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. ऐकून घेतलं आणि प्राचीकडं बघितलं. प्राची रडत म्हणाली, "काका खरं सांगतायत. मी बोलले होते, चालणार नाही म्हणून."

साडेअकरा ते पावणेपाच. सव्वापाच तास.

"मग इंजेक्शन देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. आणखी एक फोटो त्यांनी काढला, नसांचा, सीटी अँजिओग्राफी म्हणतात त्याला. मोठी नस बंद असती तर तार घालून गुठळी काढता आली असती. ती मोठी नव्हती. छोटी नस, पण बोलण्याच्या जागेची. "आता जेवढं वाचलंय तेवढं सांभाळायचं," ते म्हणाले.

वहिनीनं माझा शर्ट सोडला. तिथनं पुढं सतरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आयसीयूचे आठ दिवस. आयसीयूत सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एकेकानंच आत जायचं. बाकी वेळ बाहेर लोखंडी खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना मी कधी विसरणार नाही. नाव माहीत नसताना चहा आणून देणारी माणसं. एक बाई रोज माझ्यासाठी दोन चपात्या जास्त आणायच्या. त्यांचा नवरा सहाव्या दिवशी गेला. जाताना त्यांनी डबा तिथंच ठेवला, तो मी अजून जपून ठेवलाय.

तिसऱ्या दिवशी दादाच्या मेंदूला सूज आली. अशी सूज येते, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण ऐकणं आणि बघणं वेगळं. तो हाकेला ओ देईना. गिळता येत नाही म्हणून नाकातून पोटात नळी घातली होती, राइल्स ट्यूब. तिच्यातून पातळ अन्न जायचं. सिस्टर म्हणाल्या, "हाताला धरून बोला त्यांच्याशी, ऐकू जातं." मी हात धरला. पंचवीस वर्षं आमचं दोघांचं सगळं शब्दांवर चाललं होतं आणि मला एक शब्द सुचत नव्हता. मी त्याला भट्टीचं सांगितलं, नवीन मोटर बसवली ते सांगितलं. वेळ संपली.

बाहेर येऊन मी फोनमध्ये बघायचो. रविवारी साडेअकरापासून तीनपर्यंत मी कुणाकुणाला फोन केले, कितीला केले. साडेबाराला मी तमिळनाडूतल्या भागीदाराशी चार मिनिटं बोललो होतो. त्या चार मिनिटांत दादा माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. हे मी दिवसातून पन्नास वेळा बघायचो. काही उपयोग नसतो त्याचा. तुमच्यावर अशी वेळ आली तर फोन खिशात ठेवा.

दुसरा विचार त्याहून वाईट होता. मी तीन म्हणालो असतो तर? इंजेक्शन दिलं असतं. कदाचित तो बोलला असता. कदाचित मेला असता. मी खरं बोललो ते दादासाठी बोललो की मला भ्या वाटलं म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी सूज उतरायला लागली. सातव्या दिवशी त्यानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं. नवव्या दिवशी वॉर्डात हलवलं. उजवा हात आणि पाय गेलेले. फिजिओथेरपीवाले, म्हणजे व्यायाम देऊन हातपाय हलवणारे, रोज यायचे. एकदा त्यांनी हात जरा जोरात ओढला आणि दादानं त्यांना आईवरून अस्सल शिवी हासडली. स्पष्ट. शब्द ना शब्द. मी आनंदानं बाहेर पळालो, डॉक्टरांना बोलवायला, दादा बोलला म्हणून.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "शिव्या, देवाचं नाव, एक दोन तीन, हे मेंदूत दुसरीकडं असतं. ते राहतं. ह्यांना अफेजिया झालाय." अफेजिया म्हणजे शब्द जाणं. माणूस वेडा होत नाही, बहिरा होत नाही. मनात गोष्ट असते, पण तिचा शब्द हाताला लागत नाही, लागला तर भलताच लागतो. "समजतं त्यांना बरंचसं. म्हणून त्रास जास्त होतो," ते म्हणाले. "किती परत येईल हे मी सांगू शकत नाही. सगळं येणार नाही."

ते खरं निघालं. प्राचीनं चमचा दाखवून विचारलं, "पप्पा, हे काय?" दादा चमच्याकडं बघत राहिला. त्याला तो चमचा माहीत होता. त्याचे ओठ हलले, गळ्याची शीर फुगली आणि मग "एक, दोन, तीन, चार" असं परेडवर म्हणतात तसं आलं. त्यानं डाव्या हातानं चमचा भिंतीवर फेकला आणि तोंड फिरवलं. त्या दिवसानंतर तो भिंतीकडं तोंड करूनच निजायचा. पेपर दिला तर उलटा धरायचा नाही, पण वाचताही यायचं नाही. मिलिट्रीतला एक जुना सोबती भेटायला आला. दादानं त्याला बघून चादर तोंडावर घेतली.

आई गावीच होती. तिला फोनवर मी सांगायचो, बरा हाय. ती विचारायची, "बोलला का?" मी म्हणायचो, "बोलंल." एकदा ती म्हणाली, "मी त्येला चालतंय म्हटलं न्हवं, त्येचं काय झालं का रं?" मी फोन कट झाल्याचं नाटक केलं. मला तिथं उत्तर द्यायला हवं होतं.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी साताऱ्यातल्या एका स्पीच थेरपीच्या मॅडमचं नाव लिहून दिलं. स्पीच थेरपी म्हणजे गेलेलं बोलणं परत शिकवायचं. प्राचीच्या दोन खोल्या साताऱ्यात होत्या, म्हणून आम्ही तिकडं गेलो. दादाला गाडीतून उतरवताना, जिना चढवताना, संडासला नेताना मी आणि वहिनी दोघं दोन बाजूंनी धरायचो. तरी बोलणं नाही. ती "उचला" म्हणायची, पण भिंतीला म्हटल्यासारखं.

मॅडमच्या बाहेरच्या खोलीत बाकावर बसलो होतो. त्यांच्याकडं कामाला असलेल्या बाईंनी एक फॉर्म दिला. प्राची कॉलेजला गेली होती, म्हणून मीच भरत होतो. हळूहळू लिहितो मी. नाव, वय, कुठला हात वापरत होते. मग आलं, त्रास पहिल्यांदा कधी दिसला. मी लिहिलं, सकाळी साडेअकरा.

वहिनी शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "खोडा ते."

मला वाटलं, परत तीन. मी म्हणालो, "वहिनी, आता कशाला? आता इंजेक्शन बी न्हाई आन काय बी न्हाई."

"सात लिवा. सकाळचे."

मी तिच्याकडं बघितलं. सतरा दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलत होती.

"सकाळी चुलीम्होरं येऊन उभं ऱ्हायलं. च्या मागत हुतं. पर च्या म्हनलंच न्हाई. कायतरी खुरपळ-खुरपळ असं म्हनलं. दोनदा. मी म्हनलं, कालच्याला हारलाय, आज येगळं शब्द जुळवून आणलंय. मी काय म्हनलं सांगू? म्हनलं, ह्यो शब्द मी चालू देणार न्हाई. आन हासले." तिनं पदर तोंडाला लावला नाही, रडलीही नाही. "दवाखान्यात त्या डाक्टरनं इचारलं, तवा माझ्या डोक्यात आधी सातच आलं. मग तोंडातनं तीन गेलं. आन तुमी साडेअकरा म्हनला, तवा मला तुमचा असा राग आला भावजी. तुमी खरं बोलला आन मी न्हाई."

मी फॉर्मवरच्या साडेअकराकडं बघितलं.

"त्येंनी तीन धरून इंजेक्शन दिलं असतं तर धा तासानं गेलं असतं न्हवं?"

"व्हय."

"मग मीच मारलं असतं."

आत दादाचं नाव पुकारलं. मी साडेअकरा खोडलं आणि सात लिहिलं. वहिनी म्हणाली, "चला, धरा तिकडनं," आणि यावेळी ते मला होतं.

मॅडम वयानं लहान, पण शांत. त्यांनी दादाला आधी काही विचारलंच नाही. मलाच विचारलं, घरी तुम्ही ह्यांच्याशी कसं बोलायचा? मी सगळं सांगितलं, खेळाचंही. मान खाली घालून सांगितलं. मला वाटलं, आता या रागावणार.

त्या म्हणाल्या, "नियम चांगला होता. ह्यांना आता तसंच घर हवंय, जिथं वेडावाकडा शब्दही घेतला जातो. फक्त एक बदल करा. अर्थ तुम्ही लावायचा नाही. तुम्ही पटकन अर्थ देता, तेव्हा त्यांचं बोलणं तिथंच संपतं. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. आणि थांबा. मनात वीस मोजा. तुम्हाला वाटेल किती वेळ झाला. थांबा."

वीस मोजणं किती अवघड असतं, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. दादा खिडकीकडं हात करून "फडी, फडी" म्हणाला. माझ्या जिभेवर आलं होतं, वारं पाहिजे? पडदा लावू? मी गप्प बसलो. म्हणालो, "दादा, मला कळलं न्हाई." त्याचा चेहरा लाल झाला. तो रागानं मांडीवर हात मारत होता. अकरा, बारा. वहिनी दाराशी उभी, तिनं स्वतःचं तोंड हातानं धरलेलं. सतरा, अठरा. मग त्यानं स्वतःच्या गालावर डावा हात फिरवला. दाढी. त्याला खिडकीतला आरसा पाहिजे होता, दाढी करायची होती. अठरा दिवसांत त्यानं स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट.

सगळेच दिवस तसे नव्हते. बहुतेक दिवस वीसपर्यंत मोजून काहीच यायचं नाही, तो भिंतीकडं वळायचा. काही दिवशी मॅडमकडं जायलाच नकार द्यायचा, जिन्यात बसून राहायचा. दोन महिने मी साताऱ्यात राहिलो. मग भागीदाराला जमेना, मला परत तमिळनाडूत यावं लागलं. निघताना दादा माझ्याकडं बघून रडला. अफेजियात माणूस लवकर रडतो, मॅडमनी सांगितलं होतं. तेही मी मनाला सांगून बघितलं.

वहिनीला मी विचारलं होतं, सातचं आईला सांगू का, म्हणजे तिच्या मनावरचं ओझं कमी होईल. ती म्हणाली, "मीच सांगीन." तिनं सांगितलं. आईनं तिला जवळ घेतलं, एवढंच मला प्राचीकडून कळलं. आम्ही चौघांनीही त्या दिवशी काही ना काही बघितलं होतं आणि चौघांनीही हसून घेतलं होतं. हे वाटून घेतलं तेव्हा कुठं घरात श्वास घेता यायला लागला.

हे वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. घरातल्या माणसाचं तोंड एका बाजूला गेलं, हात गळाला किंवा बोलणं अचानक भलतं झालं, तर गंमत समजू नका. घड्याळ बघा. वेळ लिहून ठेवा. आणि जी वेळ असेल तीच डॉक्टरांना सांगा, कितीही वाईट वाटलं तरी. ताक-बीक देत बसू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. आम्ही वेळ घालवला. त्या तरुण डॉक्टरांनी, त्या सिस्टरनी, मॅडमनी, गाडी काढणाऱ्या शेजाऱ्यांनी जे केलं त्यामुळं दादा जिवंत आहे. जे गेलं ते आमच्या हातून गेलं.

आता आठ महिने झाले. दादा आणि वहिनी परत गावी, आईजवळ आहेत. दादा काठी धरून गोठ्यापर्यंत जातो. उजवा हात नाही आला. तीसेक शब्द आले, काही रोज असतात, काही एखाद्या दिवशी सापडत नाहीत. मी रोज संध्याकाळी दुकानातून फोन करतो. वहिनी स्पीकर लावून त्याच्यासमोर ठेवते आणि बाजूला होते.

परवा फोन लावला तर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग दादा म्हणाला, "कवा."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. भट्टी पेटलेली होती. मी गिऱ्हाईकाला हातानं थांबा म्हणून खूण केली.

"कवा काय, दादा?"

मी मोजत होतो. वीस झाले. तीस झाले. पलीकडं वहिनी होती, आई असणार, कुणीही मध्ये बोललं नाही.

"ये... ये..." तो थांबला. खुर्ची करकरली. "ये-णार?"

मी त्याला तारीख सांगितली.